अंधश्रद्धा: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

शाळा-कॉलेजांतली व्याख्यानं, गावातल्या बैठका आणि घरी येणारे निरोप यांतून काही प्रश्न सतत येत राहतात. विचारणारे बहुतेक जण खरोखर पेचात असतात. घरात कोणी आजारी असतं, पत्रिकेवरून लग्न अडलेलं असतं, भावकीने करणीचा आळ घेतलेला असतो. त्यांच्यासाठी हे प्रश्नोत्तर. उदाहरणं मुख्यतः महाराष्ट्रातली आहेत. आधी साधे प्रश्न आहेत, मग कायद्याचे आणि शेवटी ज्यांची उत्तरं सोपी नाहीत असे. साप चावला असेल तर थेट प्रश्न ५ वाचा. कोणाला मारहाण होत असेल किंवा कोणाचे उपचार अडवले जात असतील तर १२ आणि १३ वाचा.

१. अंधश्रद्धा म्हणजे नेमकं काय? श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांत रेघ कुठे ओढायची?

दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नसताना तो आहे असं धरून चालायचं आणि उलट पुरावा समोर आला तरी ते सोडायचं नाही, ही अंधश्रद्धा. नुसती चुकीची माहिती वेगळी. चुकीची माहिती दुरुस्त केली की माणूस ‘असं होय!’ म्हणतो आणि पुढे जातो. अंधश्रद्धेत तो चिडतो किंवा घाबरतो, कारण तिला भीती चिकटलेली असते.

रेघ ओढताना मी तीन गोष्टी पाहतो. भीती दाखवली जाते आहे का? मध्ये कोणी पैसा, शरीर किंवा आज्ञाधारकपणा मागणारा बसला आहे का? आणि या सगळ्याची किंमत कोण मोजतं? तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वारीला चालत जाणारा माणूस स्वतःचे पाय झिजवतो, दुसऱ्याचं काही हिरावून घेत नाही. पण मूल होत नाही म्हणून सुनेला बाबाकडे नेलं, तर किंमत ती सून मोजते आणि निर्णय तिचा नसतो. पुढच्या बहुतेक उत्तरांत हीच कसोटी वापरली आहे.

२. अडाणी माणसांचं समजू शकतो. पण डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापकही का मानतात?

कारण अंधश्रद्धेचं मूळ अज्ञानापेक्षा असहायतेत जास्त आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की हे आजच्या पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिले. तिथले कोळी शांत खाडीत मासे मारायला जाताना कोणतेही मंत्रतंत्र करत नसत. तेच कोळी खुल्या समुद्रात निघाले की विधी सुरू व्हायचे. माणसं तीच, ज्ञान तेच, फक्त धोका वाढलेला. जिथे कौशल्य पुरतं तिथे मंत्र लागत नाही.

आपल्याकडेही हेच दिसतं. हाडाचा एक्स-रे वाचताना डॉक्टर मुहूर्त बघत नाही, पण मुलाच्या लग्नात तोच माणूस बघतो. परीक्षा, निवडणूक, शेअर बाजार, कोरडवाहू शेती, बाळंतपण: जिथे परिणाम आपल्या हातात नसतो तिथे हमखास काहीतरी बांधलं जातं, ओवाळलं जातं, पाळलं जातं. इंग्लंडचे क्रिकेट पंच डेव्हिड शेफर्ड धावफलकावर १११ (हा आकडा तिकडे अशुभ मानतात) लागले की एक पाय उचलून उभे राहायचे. ही सवय एकट्या आपल्या देशाची नाही.

दुसरं कारण मेंदूचं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९४८ मध्ये भुकेल्या कबुतरांवरचा एक प्रयोग मांडला. कबुतर काहीही करो, ठरावीक वेळाने दाणे पडत. दाणे पडले तेव्हा जे कबुतर गिरकी घेत होतं, ते पुन्हा पुन्हा गिरकी घेऊ लागलं. दुसरं मान हलवत राहिलं. आधी एक झालं आणि नंतर दुसरं, म्हणजे पहिल्यामुळेच दुसरं झालं, ही घाई प्राण्यांमध्येही आहे. पदवी मिळाली म्हणून ती जात नाही. तिला रोज आवर घालावा लागतो.

३. पण मला स्वतःला गुण आला आहे. माझा अनुभव खोटा कसा?

तुम्हाला बरं वाटलं हे खरंच आहे. ते कशामुळे वाटलं, एवढाच प्रश्न आहे. माणूस मांत्रिकाकडे दुखणं शिगेला पोचल्यावर जातो. बरीच दुखणी शिगेला पोचली की आपोआप उतरायला लागतात. त्या वेळी जो दोरा हातात असतो त्याला श्रेय मिळतं.

काविळीचं उदाहरण घ्या. दूषित पाण्याने होणारी ‘अ’ प्रकारची कावीळ विश्रांती आणि नीट आहार यांनी बहुतेकांची काही आठवड्यांत बरी होते. त्याच काळात गळ्यात काविळीची माळ असते. ती हळूहळू लांब होत जाते आणि ‘कावीळ उतरतेय’ असं सांगितलं जातं. ती माळ ओल्या काड्यांना विशिष्ट गाठी मारून गुंफलेली असते. काड्या सुकून बारीक झाल्या की गाठी सैलावतात आणि माळ वाढते. निरोगी माणसाच्या गळ्यात किंवा खुंटीला टांगली तरी ती तितकीच वाढेल. घरी करून बघा. धोका असा की कावीळ कधीकधी पित्तनलिकेत खडा अडकल्याने किंवा यकृताच्या गंभीर आजारानेही होते, आणि माळ लांबण्याची वाट पाहण्यात मोलाचे दिवस जातात.

शिवाय ज्यांना गुण आला नाही ते सांगायला येत नाहीत. त्यांतले काही सांगायला उरलेलेही नसतात.

४. गणपती दूध प्यायला तेव्हा तर सगळ्या जगाने डोळ्यांनी पाहिलं. तेही खोटं?

डोळ्यांनी जे पाहिलं ते खरं होतं: चमच्यातलं दूध कमी होत होतं. २१ सप्टेंबर १९९५ च्या त्या दिवशी देशभर आणि परदेशातल्या देवळांतही रांगा लागल्या. द्रवाच्या पृष्ठताणामुळे काठोकाठ भरलेल्या चमच्यातलं दूध मूर्तीला टेकलं की ओढलं जातं आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली ओघळतं. पांढऱ्या दगडावर तो ओघळ दिसत नाही. दुधात रंग मिसळला की वाट स्पष्ट दिसते. आपण पाहिलं ते आणि त्याचा आपण लावलेला अर्थ, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या.

५. आमच्या गावात साप उतरवणारे आहेत आणि त्यांच्याकडे नेलेली माणसं वाचतात. मग दवाखान्याचा आग्रह कशाला?

या प्रश्नावर मी कोणतीही तडजोड करत नाही, कारण इथे तासाभराच्या उशिराने माणूस जातो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. यांतली बहुतेक माणसं खेड्यांतली, शेतात राबणारी.

मांत्रिकाकडची माणसं वाचतात, याची कारणं साधी आहेत. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. धामण, दिवड, तस्कर चावला तर कोणीही ‘उतरवला’ तरी माणूस जगतो. विषारी साप चावला तरी दर वेळी तो पुरेसं विष सोडतोच असं नाही. ही सगळी माणसं मांत्रिकाच्या खात्यावर जमा होतात. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं यांनी पूर्ण विष टोचलं असेल, तर कडुलिंबाचा पाला, मंत्र, कोंबडी लावणं, जखम कापून चोखणं यांतल्या कशाचाही उपयोग होत नाही. या चारही सापांवर एकच प्रतिसर्पविष चालतं आणि ते सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं.

मण्यारीबद्दल मुद्दाम लिहितो. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. घरच्यांना वाटतं बाहेरचं काहीतरी लागलं, आणि ते भगताकडे नेतात.

काय करायचं: माणसाला धीर द्या, चालवू नका, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, घट्ट दोरी बांधू नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. साप पकडण्यात वेळ घालवू नका. विंचवाबाबतही हेच. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात किती मुलं दगावत होती, ते महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी जवळून पाहिलं आणि प्राझोसिन या औषधाने ती वाचवता येतात हे जगाला दाखवून दिलं.

दंश झालेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-गंडेदोऱ्यांचे उपचार करणं महाराष्ट्रात गुन्हा आहे (प्रश्न १३).

६. दारावर लिंबू-मिरची बांधली, मुलाची दृष्ट काढली, तर कोणाचं काय बिघडतं?

फारसं काही नाही. आजीने मीठ-मोहरी उतरवून टाकली, त्यात माया आहे आणि नुकसान नाही. कोकणातलं गाऱ्हाणं, कुळाचार, बैलपोळ्याचं पूजन यांच्याशीही माझं भांडण नाही. लोक त्यातून एकत्र येतात. दृष्ट काढूनही ताप उतरला नाही आणि तरी मूल घरातच ठेवलं, तर मात्र बिघडतं. ‘अमकीची नजर वाईट, तिला बारशाला बोलवू नका’ असं झालं तरीही बिघडतं. त्या क्षणी किंमत मोजणारी बाई समोर उभी राहिलेली असते.

७. मुलीच्या पत्रिकेत मंगळ आहे. स्थळं येऊन परत जातात. काय करू?

आधी एक हिशोब करा. कुंडलीत १२ स्थानं. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानात मंगळ असला की पत्रिका मंगळाची. म्हणजे बारांतली पाच स्थानं. मंगळ कुठेही असू शकतो हे धरलं, तर शंभरांतली जवळपास ४२ माणसं मंगळाची निघतात. इतक्या लोकांचे जोडीदार लवकर मरत असते तर ते शोधायला पत्रिका लागली नसती. हे ज्योतिषांनाही जाणवतं, म्हणून तर ‘परिहार’ आणि ‘सौम्य मंगळ’ अशा पळवाटा ग्रंथांत पानोपानी आहेत.

पत्रिकेचीच परीक्षा पुण्यात २००८ च्या सुमारास झाली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी दोनशे पत्रिका तयार केल्या. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. त्यांतल्या चाळीस-चाळीस पत्रिका प्रत्येक ज्योतिषाकडे पाठवून मूल कोणत्या गटातलं ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवूनही याहून कमी यश मिळालं नसतं.

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर: स्थळ सुचवणाऱ्यांना सुरुवातीलाच ‘आम्ही पत्रिका बघत नाही’ असं सांगा. रक्तगट, आजारांची माहिती, मुलाचं व्यसन आणि कर्ज यांची चौकशी करा. सांगताना मुलीला ‘दोष’ हा शब्द ऐकू येऊ देऊ नका. वर्षानुवर्षं तो ऐकलेल्या मुली स्वतःलाच अपशकुनी समजायला लागतात.

८. सून गरोदर आहे आणि ग्रहण येतंय. एक दिवस पाळलं तर काय हरकत?

ग्रहणात सूर्यातून किंवा चंद्रातून कोणताही वेगळा किरण बाहेर पडत नाही. सूर्यग्रहणात चंद्राची सावली पृथ्वीवर पडते आणि चंद्रग्रहणात पृथ्वीची चंद्रावर, इतकंच. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी बघितलं तर डोळ्याच्या पडद्याला इजा होते, ती सगळ्यांनाच. योग्य गाळणीचा चष्मा लावून सुनेनेही बघावं.

एक दिवस पाळण्यात दोन तोटे आहेत. तासन्‌तास उपाशी, पाण्याविना, न हलता बसणं गरोदर बाईला त्रासाचं असतं आणि मधुमेह असेल तर धोक्याचं. दुसरा तोटा पुढे येतो. फाटलेल्या ओठाचं बाळ जन्मलं तर बोट आईकडे वळतं: ‘ग्रहणात सुरी धरली असशील.’ बाळाचे ओठ गरोदरपणाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत जुळतात, तेही आनुवंशिकता, पोषण, काही औषधं अशा कारणांवर अवलंबून. सातव्या महिन्यात भाजी चिरल्याने जुळलेला ओठ फाटत नाही. तो शस्त्रक्रियेने चांगला दुरुस्त होतो. आईवर बसलेला ठपका मात्र कायम राहतो.

९. अंगात येणारी बाई ढोंग करते का?

काही करतात, बऱ्याच करत नाहीत. उपवास, जागरण, संबळ-हलगीचा ठेका, धूप, गर्दी आणि ‘आता येणार’ ही अपेक्षा, या सगळ्यात माणसाचं स्वतःवरचं भान काही काळ सुटू शकतं. जिला वर्षभर घरात तोंड उघडता येत नाही, ती त्या अर्ध्या तासात सासूला ‘अगं’ म्हणते आणि सासू पाया पडते. हे पाहिलं की हसू येत नाही. तिच्याशी नंतर एकटीशी बोला. घरात काय चाललंय ते विचारा. त्रास वारंवार होत असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं.

नुसतं अंगात येणं कायद्याने गुन्हा नाही. अंगात आल्याचं सांगून कोणी लोकांना धमकावू, लुबाडू लागला किंवा कोणावर करणीचा आळ घालू लागला तर आहे.

१०. डोक्यात जट आली आहे. कापली तर देवी कोपेल का?

नाही. केस बरेच दिवस विंचरले नाहीत, घाम, तेल आणि मळ साचला की ते एकमेकांत गुंततात. एकदा गुंता घट्ट झाला की कंगवा फिरत नाही. त्यात ‘देवीचं बोलावणं’ म्हणून हळद-कुंकू भरलं की जट पक्की होते. नंतर वास, उवा, डोक्याला जखमा, जडपणामुळे मानेचं दुखणं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) कार्यकर्त्यांनी आजवर अनेक बायकांच्या जटा सोडवल्या आहेत. त्या बायका रात्री नीट झोपायला लागतात, इतकाच काय तो परिणाम.

जटेची सर्वांत जड किंमत कोल्हापूर-सांगली ते बेळगाव या पट्ट्यातल्या मुलींनी मोजली. जट दिसली की मुलीला सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडायचं आणि पुढे तिचं आयुष्य देवदासी म्हणून जायचं. महाराष्ट्रात देवदासी प्रथेविरुद्ध २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. भीती जात नसेल तर घरच्या सगळ्यांना समोर बसवून जट काढा. न्हाव्याची कात्री पुरते.

११. घरावर दगड पडतात, कपडे आपोआप पेटतात, अंगावर फुल्या उमटतात. ही भानामती नाही तर काय?

मराठवाडा आणि विदर्भातून हा प्रश्न जास्त येतो. यामागे हात माणसाचाच असतो, बहुतेक वेळा घरातल्याच कोणाचा तरी. कोणीच ऐकत नाही अशी मुलगी, शाळा नकोशी झालेला मुलगा, कोंडलेली सून. म्हणूनच तपास करताना ‘चोर’ पकडल्याचा आवेश नको. प्रत्येकाशी वेगवेगळं, शांतपणे बोलायचं. दगड थांबवायचे आणि दगडामागचं दुःखही ऐकायचं. नाव गावात फोडायचं नाही. अंनिसचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं हे याच पद्धतीने करत आले आहेत.

१२. भावकीतले लोक म्हणतात, माझ्या आईने करणी केली. गावात जगणं अवघड झालंय. काय करू?

आधी आईला एकटी राहू देऊ नका. असा आळ मारहाणीपर्यंत आणि त्याच्याही पुढे जाऊ शकतो. सातपुड्यात नंदुरबारकडे बायकांना ‘डाकीण’ ठरवण्याचा इतिहास जुना आहे. परभणी जिल्ह्यात मानवत इथे १९७२ ते १९७४ दरम्यान गुप्तधनाच्या समजुतीपायी बाया आणि कोवळ्या मुलींचे खून पडले.

आळ कोणावर येतो ते नीट बघा: विधवा, एकटी, म्हातारी, जिच्या नावावर दोन एकर आहेत पण पाठीशी कोणी नाही अशी बाई. मूल दगावणं, म्हैस आटणं हे निमित्त असतं. अनेकदा खाली बांधाचं भांडण असतं. म्हणून करणी असते की नसते या वादात शिरूच नका. कोण काय बोललं ते तारीख-वारासह लिहून ठेवा, साक्षीदार ठरवा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. जिवाला धोका वाटला तर ११२ ला फोन करा. कोणाला करणी करणारी ठरवणं, तिच्यामुळे जनावराचं दूध आटलं असं सांगणं हाच गुन्हा आहे. मारहाण होईपर्यंत थांबायची गरज नाही. वाळीत टाकलं असेल तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदाही लागू होतो.

१३. जादूटोणाविरोधी कायद्यात नेमकं काय येतं आणि काय येत नाही? तक्रार कुठे करायची?

डॉ. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी अनेक वर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा गोळ्या घालून खून झाला. त्याच आठवड्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

कायद्याच्या अनुसूचीत बारा कृत्यं आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं. चमत्कार दाखवून पैसे उकळणं. गुप्तधनासाठी अघोरी कृत्य, नरबळी. करणीचा आळ घेणं, त्यावरून धिंड काढणं. सर्पदंश झालेल्याचे उपचार अडवणं. बोटाने शस्त्रक्रिया करतो किंवा गर्भाचं लिंग बदलतो असा दावा. मूल देतो म्हणून किंवा पूर्वजन्मीचं नातं सांगून बाईचं शोषण. मतिमंद व्यक्तीला दैवी शक्ती आहे असं भासवून धंदा करणं. अशा कृत्याला मदत करणारा आणि त्याची जाहिरात करणाराही दोषी ठरू शकतो.

काय येत नाही, तेही कायद्यातच लिहिलं आहे: पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन, नवस, उपवास, मोहरमची मिरवणूक, कान टोचणं, जैनांचं केशलोचन, होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगणं. ज्योतिषाचा आणि वास्तुशास्त्राचा सल्लाही बाहेर ठेवला आहे. मला हे शेवटचं पटत नाही (कारण प्रश्न ७ मध्ये आहे), पण कायदा सध्या असा आहे.

तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात. या कायद्याखाली दक्षता अधिकारी नेमलेले असतात, ते पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचे. ठाण्यात ‘हे आमच्याकडे नाही’ असं उत्तर मिळालं तर दक्षता अधिकाऱ्याचं नाव मागा आणि कायद्याची प्रत सोबत न्या.

१४. हा कायदा एकाच धर्माविरुद्ध आहे ना?

नाही. कायद्याच्या मजकुरात धर्माचं नावही गुन्ह्याशी जोडलेलं नाही, फक्त कृत्यं आहेत. कायद्याआधी निघालेल्या वटहुकुमाखालचा पहिला गुन्हा सप्टेंबर २०१३ मध्ये नांदेडला नोंदला गेला. असाध्य रोग बरे करण्याचे दावे केल्याचा तो आरोप होता आणि आरोपी मुस्लीम होते. बाबा, मौलवी, पाद्री, कोणीही ते कृत्य केलं तर कायदा लागू होतो.

१५. मी देव मानतो. मग मला अंधश्रद्धेविरुद्ध बोलायचा अधिकार आहे का?

पूर्ण आहे, आणि महाराष्ट्रात ही वाट जुनी आहे. नवसाने मुलं होत असतील तर नवरा कशाला करायचा, हा प्रश्न तुकोबांनी विचारला, आणि ते विठ्ठलाचे भक्त होते. गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनाला उभे राहण्याआधी गाव झाडायचे आणि कीर्तनात बकऱ्यांच्या बळीविरुद्ध, कर्ज काढून केलेल्या सणांविरुद्ध बोलायचे. वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे राज्यघटनेने १९७६ च्या दुरुस्तीपासून प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य म्हणून नोंदवलं आहे, आस्तिक असो वा नास्तिक.

१६. विधवेला हळदीकुंकवाला न बोलावणं ही रूढी आहे. तिला अंधश्रद्धा का म्हणता?

कारण तिच्या तळाशी अशुभाची भीती आहे. नवरा गेलेली बाई समोर आली की कार्यात विघ्न येईल, ही कार्यकारणाची खोटी साखळीच आहे. प्रश्न १ मधली कसोटी इथे लावली तर उत्तर लगेच मिळतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. ठराव कागदावर राहू नये यासाठी पहिलं कार्य सरपंचाच्या घरचं असावं. स्वतःच्या आईला पुढे करून मुलाने लग्नाचे विधी केले, तर बाकीच्यांचं बळ वाढतं.

१७. विज्ञानावरही आपण विश्वासच ठेवतो. मग तीही श्रद्धाच ना?

फरक चूक मान्य करण्याच्या पद्धतीत आहे. औषध चाललं नाही तर कंपनीला ते मागे घ्यावं लागतं, आणि किती जणांवर चाललं नाही हे छापावं लागतं. अंगारा चालला नाही तर ‘तुमची श्रद्धा कमी पडली’ असं सांगितलं जातं. जिथे अपयशाचा दोष नेहमी घेणाऱ्यावरच येतो, तिथे तपासायला जागाच ठेवलेली नसते.

१८. आई ऐकत नाही. वाद घातला की रडते. कसं समजावू?

वाद घालू नका. तिला कशाची भीती वाटते ते विचारा. ती पौर्णिमेला बाबाकडे जाते, कारण तुमच्या नोकरीची, नातवाच्या फिटची, वडिलांच्या दारूची तिला चिंता आहे आणि ती ऐकून घेणारा तोच एक माणूस आहे. त्या चिंतेचं काहीतरी करा. फिट येणाऱ्या नातवाला चांगल्या डॉक्टरकडे घेऊन जाताना आईलाही सोबत न्या आणि डॉक्टरांना तिच्याशी बोलायला सांगा. चपला हुंगवायच्या नाहीत, एका कुशीवर वळवायचं आणि औषध एकही दिवस चुकवायचं नाही, हे तिला त्यांच्याकडूनच कळू द्या. तीन महिने फिट आली नाही की ती स्वतःच शेजारणीला सांगते. गावातल्या लोकांसमोर मात्र तिला कधीही खोटं पाडू नका.

१९. माणूस मरणाच्या दारात आहे. एखाद्या ताईताने त्याला धीर येत असेल, तर तो काढून घ्यायचा का?

नाही. माझ्या मते हा यांतला सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि इथे तत्त्वापेक्षा माणूस पाहावा. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात बहिणीने दंडाला दोरा बांधला, तर तो तिच्या मायेचा आहे. तो तोडून कोणाचं भलं होणार नाही. अशा वेळी वेदना कमी करणारी औषधं मिळताहेत का, रात्री सोबतीला कोण आहे, हे बघा.

तीन गोष्टी दिसल्या तर मात्र बोला. दोऱ्यासोबत औषध बंद करायला सांगितलं असेल. पैसे मागितले जात असतील आणि घरचे जमीन विकायला, दागिने गहाण टाकायला निघाले असतील. किंवा या आजाराचं कारण म्हणून घरातल्या कोणाकडे, बहुधा सुनेकडे, बोट दाखवलं जात असेल. बोलायचं ते आजाऱ्यासमोर नाही. घरातल्या कर्त्या माणसाला बाहेर अंगणात नेऊन सांगा. त्याने ऐकलं नाही तर आजाऱ्याच्या डॉक्टरांना कळवा, आणि पैसे घेणाऱ्याविरुद्ध प्रश्न १३ मध्ये सांगितल्याप्रमाणे तक्रार द्या.